लिंबू कोणी ठेवलं?

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत एक लिंबू सापडलं.

आता खारघरमध्ये लिंबू सापडणं ही काही बातमी नव्हे. कुठल्याही शनिवारी सकाळी उत्सव चौकाकडून सेंट्रल पार्कच्या दिशेने चालत सुटा, दुकानांच्या दारात ताज्या लिंबू-मिरच्या लटकलेल्या दिसतील आणि मागच्या आठवड्यातल्या रस्त्यावर पडलेल्या. नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू चिरडून ती बाहेर काढायची, हे तर आपण सगळेच करतो. (मीही केलंय. फोटोसुद्धा आहे. उगाच खोटं कशाला बोला?) पण हे लिंबू वेगळं होतं. चौथ्या मजल्यावर एका फ्लॅटच्या दारासमोर, अर्धं चिरलेलं, आत कुंकू भरलेलं आणि वर पाच-सहा टाचण्या टोचलेल्या. त्या घरात महिनाभरात दोन गोष्टी झाल्या होत्या. मुलाला डेंग्यू झाला होता आणि घरातल्या कर्त्या माणसाचं नाव कंपनीच्या ले-ऑफच्या यादीत आलं होतं.

सकाळी फिरायला निघालेल्या एका काकांनी फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. ते फिरून परत येईपर्यंत लिंबू गायब. मग सेक्रेटरींनी सीसीटीव्ही तपासला. जिन्यात कॅमेरा नाही, लिफ्टमध्ये आहे. त्यात चौथ्या मजल्यावर धुणी-भांडी करणाऱ्या मावशी वर्तमानपत्राच्या कागदात काहीतरी गुंडाळून खाली नेताना दिसल्या. झालं! "पुरावा नष्ट केला" असा निकाल दुपारपर्यंत लागला. मावशी डोंगराकडच्या पाड्यावरून येतात. "त्यांच्यात भगत असतात, हे सगळं त्यांना येतं," असं एकाने लिहिलं. त्याला दहा-बारा अंगठे आले. एका मुलाने वैतागून लिहिलं, "अहो, आपण काय आफ्रिकेत राहतो का? अमेरिकेत, युरोपात असलं काही ऐकलंय कधी?" त्यालाही अंगठे आले, बहुतेक त्याच लोकांचे.

मी हे सगळं वाचत होतो आणि काहीही लिहिलं नाही. क्लायंटचा कॉल चालू होता हे कारण खरं आहे, पण तो कॉल काही दोन दिवस चालला नव्हता.

त्या मुलाचं वाक्य मात्र डोक्यात राहिलं. आफ्रिका म्हणजे चेटूक, युरोप-अमेरिका म्हणजे विज्ञान आणि आपण मध्ये कुठेतरी लोंबकळतोय, हा नकाशा आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतो. तो बरोबर आहे का? दोन-तीन वीकांत याच्यात घालवले. जे हाती लागलं ते सांगतो.

आधी आफ्रिका

या विषयावर कोणीही बोलायला लागलं की एक पुस्तक येतंच. इव्हान्स-प्रिचर्ड नावाच्या इंग्रज मानवशास्त्रज्ञाने १९३७ साली अझांदे लोकांवर लिहिलेलं. हे लोक आजच्या दक्षिण सुदानात आणि आसपासच्या देशांत राहतात. १९२६ ते १९३० या काळात हा माणूस मुक्काम ठोकून त्यांच्यात राहिला.

त्याने दिलेलं धान्याच्या कोठाराचं उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथे कोठारं लाकडी खांबांवर उभी असतात आणि उन्हाच्या वेळी लोक त्यांच्या सावलीत बसतात. कधीतरी एखादं कोठार कोसळतं आणि खाली बसलेली माणसं जखमी होतात. अझांदे म्हणतात, हे चेटूक. आपल्याला वाटतं, बिचाऱ्यांना वाळवी माहीत नसेल. पण त्यांना वाळवी चांगली माहीत असते. खांब वाळवीने पोखरला म्हणून कोठार पडलं, हे कोणताही अझांदे सांगेल. त्याचा प्रश्न पुढचा असतो. नेमकी हीच माणसं खाली बसलेली असताना, नेमकं त्याच क्षणी ते का पडलं?

आपल्या धंद्यात आपण याला रूट कॉज अॅनालिसिस म्हणतो. सर्व्हर का पडला? डिस्क भरली. डिस्क का भरली? लॉग साफ झाले नाहीत. इथे आपण थांबतो. "पण नेमका माझ्याच अप्रेझलच्या आदल्या रात्री का पडला?" याला आपल्याकडे उत्तर नाही. योगायोग म्हणजे उत्तर नव्हे, उत्तर नसल्याची कबुली. अझांदेंना ती कबुली मान्य नाही, एवढाच फरक. डेंग्यू डासाने होतो हे आमच्या चौथ्या मजल्यालाही ठाऊक होतंच की! पण आमच्याच घरी का? आणि त्याच महिन्यात नोकरी का?

मला जास्त नवल वाटलं ते पुढच्या भागाचं. अझांदेंच्या मते चेटकाचा गुण, त्यांच्या शब्दात 'मांगू', हा पोटात असतो. बापाकडून मुलाला आणि आईकडून मुलीला येतो. तो आपल्यात आहे हे त्या माणसाला स्वतःला माहीत नसू शकतं. म्हणून नाव शोधायची एक पद्धत ठरलेली होती. 'बेंगे' नावाचं विष कोंबडीच्या पिलाला पाजायचं आणि प्रश्न विचारायचा. पिलू मेलं तर एक उत्तर, जगलं तर दुसरं. मग उत्तर बरोबर आहे ना, हे बघायला दुसऱ्या पिलावर प्रश्न उलटा करून विचारायचा. (म्हणजे चक्क टेस्टिंग!) नाव निघालं की मेलेल्या कोंबडीचा पंख घेऊन निरोप्या त्या माणसाकडे जायचा आणि पंख त्याच्यासमोर जमिनीवर ठेवायचा. तो माणूस तोंडात पाणी घेऊन पंखावर फुंकायचा आणि म्हणायचा, माझ्यात मांगू असेल तर मला ठाऊक नाही, असलं तर ते शांत होवो. साध्या आजारपणात बहुतेक वेळा विषय तिथे मिटायचा. माणूस मेला तर मात्र इतक्यावर भागत नसे, आणि जुन्या काळी त्यापायी जीवही गेलेले आहेत. शिवाय राजघराण्यातल्या कुणाचं नाव कधी निघत नसे, हेही इव्हान्स-प्रिचर्डने नोंदवून ठेवलंय. मोठ्यांना हात लावायचा नाही, हा नियम तिथेही होताच.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. माणगावकडची. गाय दूध देईनाशी झाली की गुरवाकडे कौल लावायला जायची. देवाच्या अंगाला पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि उजवी पाकळी आधी पडते की डावी ते बघायचं. गुरव कधी नाव घ्यायचा नाही, "बाहेरचं आहे" एवढंच म्हणायचा. देणं-मागणं सांगायचा, नारळ-कोंबड्यावर भागायचं. पण घरी येईपर्यंत आजीच्या मनात नाव तयार असायचं. ते नेहमी एकाच बाईचं असायचं. वाडीच्या टोकाला एकटी राहणारी, नवरा-मूल गेलेली. तिच्या अंगणात पडलेला चेंडू आम्ही पोरं कधी आणायला गेलो नाही. तिने आम्हाला काही केल्याचं मला आठवत नाही. आम्ही तिला काय केलं ते मात्र आता आठवतं.

मग युरोप

आता "युरोपात असलं काही ऐकलंय का" याचं उत्तर. ऐकलंय की. पंधराव्या ते अठराव्या शतकापर्यंत युरोपात चेटकाच्या आरोपावरून अंदाजे चाळीस ते साठ हजार माणसांना मृत्युदंड दिला गेला. त्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त बायका. हे सगळं अंधाऱ्या मध्ययुगात झालं असं आपल्याला वाटतं, पण सगळ्यात जास्त कहर साधारण १५६० ते १६३० या काळात झाला. म्हणजे गॅलिलिओ दुर्बिणीतून आकाश बघत होता तेव्हा.

फरक कुठे होता? अझांदेंचा चेटक्या आपल्यासारखाच एक माणूस, फक्त पोटात काहीतरी असलेला. युरोपातल्या चेटकिणीने मात्र सैतानाशी करार केलेला. हा कट झाला, धर्माविरुद्ध आणि राज्याविरुद्ध. १४८६ साली हाइनरिश क्रामर नावाच्या धर्मगुरूने चेटकिणी कशा ओळखायच्या आणि खटले कसे चालवायचे याचं जाडजूड मॅन्युअलच लिहिलं. कट म्हटला की साथीदार आले आणि साथीदारांची नावं हवीत म्हणून छळ आला. छळ केला की नावं निघतात, मग त्या नावांना पकडायचं आणि त्यांच्याकडून पुढची नावं. बाहेर पडायची अट न लिहिलेलं रिकर्शन जसं चालत राहतं तसंच.

आपल्यासारख्यांनी वाचावी अशी यातली एक केस आहे. योहानेस केप्लर आपण सगळे शाळेत शिकलो. ग्रहगतीचा तिसरा नियम त्याने १६१९ साली छापला. त्याच सुमारास त्याच्या आईवर, काटारिनावर, चेटकाचा आरोप होता. १६१५ साली जर्मनीतल्या लेओनबर्ग गावात एका शेजारणीने सांगितलं, हिने मला कडू पेय पाजलं आणि तेव्हापासून मी आजारी आहे. दोघींचं आधी भांडण झालेलं होतं. मग एकेक करून गावातल्या बाकीच्यांनाही आपापली दुखणी आठवायला लागली. १६२० साली सत्तरीच्या घरातल्या त्या म्हातारीला अटक करून साखळदंडात ठेवलं. केप्लर तेव्हा ऑस्ट्रियात लिंत्सला बादशाही गणितज्ञ होता. मोठ्या हुद्द्यावरची माणसं अशा वेळी जे करतात ते तो करू शकला असता. लांब राहायचं, पत्र लिहायचं, काम आहे म्हणायचं. पण तो आईसाठी लिंत्सहून निघाला, बचावाची सूत्रं स्वतःच्या हातात घेतली आणि एकेक आरोप सोडवत बसला. हिच्या दुखण्याचं नैसर्गिक कारण काय असू शकतं, ही साक्ष त्या साक्षीशी कुठे जुळत नाही, हे सगळं लेखी. शेवटी छळाची हत्यारं समोर दाखवूनही म्हातारीने कबुली दिली नाही आणि १६२१ च्या ऑक्टोबरात ती सुटली. पुढच्या एप्रिलमध्ये वारली.

दुसरी केस ऐकून मी थोडा हादरलो. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसची. आना ग्योल्दी ही एका डॉक्टरच्या घरी कामाला होती. डॉक्टर गावातला बडा माणूस, न्यायाधीशही होता. त्याच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या दुधात टाचण्या सापडल्या, मग मुलगी टाचण्या ओकायला लागली असं सांगण्यात आलं आणि बोट गेलं थेट कामवालीवर. छळ करून कबुली घेतली. निकालपत्रात चेटूक हा शब्द नाही, विषप्रयोग म्हटलंय. तोवर युरोपात चेटकाचा खटला चालवायची लाज वाटायला लागली होती बहुधा. जून १७८२ मध्ये तिचा शिरच्छेद केला. आपल्याकडे त्याच्या महिनाभर आधी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने इंग्रजांशी सालबाईचा तह झाला होता. म्हणजे इतकी अलीकडची गोष्ट. ग्लारुसच्या कायदेमंडळाने तिला निर्दोष ठरवलं ते २००८ साली.

टाचण्या, आजारी मूल आणि कामवाली. मला आमच्या ग्रुपवरचे अंगठे दिसायला लागले.

अमेरिकेतलं सेलमही असंच. १६९२ साल, आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते तेव्हाचं. पाद्र्याच्या घरातल्या मुलींना झटके यायला लागले. पहिल्या तीन आरोपी कोण? त्याच घरातली गुलाम टिटुबा, दुसरी दारोदार मागून खाणारी आणि तिसरी वारशाच्या वादात अडकलेली. एकोणीस जणांना फाशी झाली आणि एका म्हाताऱ्याला दगडांखाली दाबून मारलं. ही तीन प्रकारची माणसं लक्षात ठेवा: घरात राबणारी, कुणाचाच आधार नसलेली आणि जमिनीच्या वादातली.

कायदा उलटा फिरतो

१७३५ साली ब्रिटिश पार्लमेंटने एक मजेदार कायदा केला. चेटूक हा गुन्हाच रद्द करून टाकला. त्याऐवजी "मला चेटूक येतं" अशी बतावणी करणं हा गुन्हा झाला. सरकारने जणू जाहीर केलं की चेटूक अस्तित्वातच नाही, सबब जो ते येतं म्हणेल तो लबाड. पण शहाणपण पार्लमेंटातून गावात जायला वेळ लागतो. १७५१ साली लंडनपासून फार लांब नसलेल्या ट्रिंग गावी जमावाने रूथ ऑस्बॉर्न नावाच्या म्हातारीला चेटकीण म्हणून तळ्यात बुचकळून मारलं. सरकारने जमावाच्या म्होरक्याला फासावर चढवलं. बघायला जमलेले लोक काय कुजबुजत होते? एका चेटकिणीला मारलं म्हणून चांगल्या माणसाला फाशी, हा अन्याय आहे!

पुढे साम्राज्याबरोबर हा विचार आफ्रिकेत गेला. ऱ्होडेशियात (आजचं झिंबाब्वे) १८९९ साली आणि नंतर इतर वसाहतींतही चेटूकविरोधी कायदे झाले. त्यांत एक महत्त्वाचं कलम असायचं: दुसऱ्याला चेटक्या म्हणणं हाच गुन्हा. कागदावर उत्तम. पण गावातल्या माणसाला ते कसं दिसलं? आमच्या मुलाला मारणारी चेटकीण मोकळी फिरते, तिचं नाव सांगणारा आमचा वैदू तुरुंगात जातो, म्हणजे सरकार चेटकिणीच्या बाजूचं! ट्रिंगच्या गर्दीचं म्हणणं वेगळं काय होतं?

त्यामुळे स्वातंत्र्यानंतर काही देशांनी उलट वाट धरली. कॅमेरूनच्या दंडसंहितेत चेटूक करणं हाच गुन्हा आहे, दोन ते दहा वर्षं शिक्षा. पीटर गेशीरे या डच अभ्यासकाने तिथल्या पूर्व भागातली कोर्टं पाहिली. १९८० च्या सुमारापासून तिथे 'नगांगा' म्हणजे वैदूची साक्ष ग्राह्य धरून लोकांना तुरुंगात पाठवलं जात होतं. तिकडे घानाच्या उत्तरेला गांबागासारख्या वस्त्या आहेत, जिथे गावाने हाकललेल्या बायका वर्षानुवर्षं राहतात. बहुतेक म्हाताऱ्या, विधवा. जुलै २०२० मध्ये काफाबा गावात नव्वदीच्या एका बाईला दिवसाढवळ्या मारून टाकलं आणि त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्यानंतर २०२३ साली तिथल्या संसदेने कुणालाही चेटकीण ठरवण्यावर बंदी घालणारी दुरुस्ती मंजूर केली. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी मात्र तिच्यावर सही केली नाही.

पश्चिमेत आता चेटकीण हा हॅलोवीनचा पोशाख झालाय. १९५१ साली तो १७३५ चा कायदा रद्द झाला, त्यानंतर काही लोक तर स्वतःला अभिमानाने 'विच' म्हणवून घेऊ लागले. ८ मार्च २०२२ ला स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टरनी तिथे मारल्या गेलेल्या सुमारे अडीच हजार माणसांची जाहीर माफी मागितली. चांगलंच केलं. पण दुसऱ्यांकडे बोट दाखवताना हे सगळं आपण करून बसलोय, हे त्यांनाही अधूनमधून आठवावं लागतं.

आणि आपण

मग आपण कुठे? आपल्याकडची भुताखेतांची यादी तर जगात कुणाला ऐकणार नाही: हडळ, मुंजा, खवीस, समंध, झोटिंग, वेताळ. विशेष म्हणजे पूर्वी हे प्रकरण सरकारदरबारीही जायचं. टोरांटो विद्यापीठात शिकवलेले इतिहासकार नरेंद्र वागळे यांनी इंग्रजपूर्व महाराष्ट्रातली भुतं, देव आणि न्यायनिवाडा यांवर लिहिलंय. "अमक्याने आमच्यावर भूत घातलं" ही तेव्हा रीतसर तक्रार असू शकत होती. पुराव्याची पद्धत म्हणाल तर वतनाच्या भांडणांतही रवादिव्य चालायचं. कढत तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा, हातावर पिशवी बांधून मोहोर लावायची आणि तिसऱ्या दिवशी हात बघायचा. अझांदेंच्या कोंबडीला हसायचा अधिकार आपल्याला नाही.

इंग्रज आले आणि त्यांना या सगळ्याचं कुतूहल वाटलं. कोकणातल्या लोकसमजुतींचं एक पुस्तक १९१५ साली एन्थोवेन नावाच्या अधिकाऱ्याने तयार केलं. त्यातली माहिती जमवली होती नाशिकच्या जॅक्सनने. हो, तोच कलेक्टर जॅक्सन, ज्याला २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेऱ्यांनी 'शारदा' नाटकाच्या वेळी गोळ्या घातल्या. त्याने शाळामास्तरांकडे प्रश्नावल्या पाठवून भुतं, करणी, मूठ, दृष्ट यांची माहिती मागवली होती. मास्तरांनी इमानेइतबारे उत्तरं लिहून पाठवली. माहिती जमली, पुस्तक झालं. वाडीच्या टोकाला राहणाऱ्या बाईचं त्यात काही बदललं नाही.

ते बदलायचा प्रयत्न केला आपल्याच लोकांनी. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी नरेंद्र दाभोलकर आणि त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती वर्षानुवर्षं मागे लागली होती. मसुदे झाले, विधेयकं अडकली, धर्म बुडेल म्हणून ओरड झाली. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांचा खून झाला. चार दिवसांत राज्यपालांची अध्यादेशावर सही झाली आणि डिसेंबरात कायदा. खून करणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली ती मे २०२४ मध्ये.

तो कायदा मी या निमित्ताने पहिल्यांदा वाचला. अगदी छोटा आहे, तुम्हीही वाचा. शेवटी बारा कलमांची अनुसूची आहे. लिंबू ठेवू नका, देव मानू नका, कौल लावू नका असं त्यात कुठेही नाही. वारी, पूजा, कीर्तन यांना तर स्पष्ट मोकळीक आहे. सहावं कलम मात्र मी दोनदा वाचलं. अमुक माणूस करणी करतो, मंत्राने जनावराचं दूध आटवतो, त्याच्यामुळे रोगराई येते असं जाहीर करून किंवा तसा समज पसरवून त्याचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड, शिवाय अजामीनपात्र.

मला वाटतं, मुद्दा हाच आहे. आफ्रिका की युरोप, आणि लोक काय मानतात, यावरून फारसा निकाल लागत नाही. "माझ्याच बाबतीत का?" हा प्रश्न सगळीकडे पडतो आणि पडत राहणार. त्याचं उत्तर म्हणून कुणाचं नाव घ्यायची मुभा आहे आणि नाव घेतल्यावर पुढे काय होतं, यावर जीव वाचतात किंवा जातात. अझांदेंकडे पंखावर पाणी फुंकून विषय मिटवायची सोय होती. केप्लरच्या जर्मनीत, शिकलेसवरलेले वकील-न्यायाधीश असूनही, ती नव्हती.

आणि कायदा झाला म्हणून गाव लगेच बदलत नाही, हे ट्रिंगसारखंच आपल्याकडेही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला भानामतीच्या संशयावरून सात दलित माणसांना भरचौकात बांधून मारलं. त्यात म्हातारी माणसंही होती. मार्च २०२४ मध्ये मुरबाड तालुक्यात एका म्हाताऱ्याला जादूटोण्याच्या संशयावरून निखाऱ्यांवर नाचवलं. मुरबाड! आपण तिकडे पावसाळ्यात माळशेजला जाताना मिसळ खायला थांबतो. त्याच वर्षी मे महिन्यात गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यात दोघांना जिवंत जाळलं.

पुन्हा चौथा मजला

तुम्ही म्हणाल, आमच्या ग्रुपवरचे चार मेसेज आणि हे, काय संबंध? मारहाण तर झाली नाही ना? नाही झाली. आमच्याकडे फक्त एवढंच झालं की दोन दिवसांत मावशींची चार कामं सुटली. कुणीही कारण सांगितलं नाही. "सध्या आम्हीच करतोय" म्हणाले. गेटवरच्या अॅपमध्ये त्यांची एंट्री बंद झाली. कुणाचा आवाजही चढला नाही.

हे वाचून-लिहून झाल्यावर, म्हणजे तब्बल तीन आठवडे उशिराने, मी ग्रुपवर ते सहावं कलम टाकलं आणि खाली लिहिलं की आपण जे केलं ते यात बसतं. दोन अंगठे आले. अर्ध्या तासाने सेक्रेटरींचा फोन आला. "साहेब, झालं गेलं मिटलंय ना आता, कशाला वातावरण खराब करता? आणि नाव तर कुणीच घेतलं नव्हतं." खरंच नव्हतं. माझ्या आजीच्या गुरवासारखं सगळं नाव न घेता झालं होतं.

रविवारी बायको आणि मी मावशींना भेटायला गेलो. काय बोलायचं ठरवून गेलो होतो, ते तिथे काही जमलं नाही. चहा झाला. शेवटी बायकोनेच विचारलं, त्या दिवशी कागदात काय होतं? मावशी म्हणाल्या, "लिंबूच होतं की वैनी. पोरांची शाळेत जायची वेळ. टाचण्या होत्या त्यात, कुनाच्या पायात जायची. कुनीच हात लावंना, मंग मीच उचललं आन् कचऱ्यात टाकलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला पन भ्या वाटलंच. घरी येऊन पोरीची दृष्ट काढली."

आमच्याकडे परत या म्हटलं, तर नको म्हणाल्या. दुसऱ्या सेक्टरला कामं मिळाली आहेत, तिथे दोन पैसे जास्त देतात. खरं असेल, किंवा आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील.

चौथ्या मजल्यावरचा मुलगा बरा झाला, परवा खाली सायकल चालवत होता. त्याच्या बाबांना अजून नोकरी नाही. मी त्यांचा रेझ्युमे आमच्या एचआरकडे दिलाय, बघू. लिंबू कोणी ठेवलं ते अजून कळलेलं नाही आणि आता कुणी विचारतही नाही. ग्रुपवर सध्या पाण्याच्या टँकरचं भांडण चालू आहे.